कंडक्टरला जुळेल असं

आमच्या आक्काचा आवाज काढायचा तर आधी चिमूटभर तिखट हुंगून घसा खरवडून घ्यायला पाहिजे. ती मिरच्या कांडते. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत चटणी कुणाचीही असो, मुसळ आक्काचं. आणि मुसळाच्या ठेक्यावर तिच्या तोंडून उखाणे पडतात. लग्न ठरलेल्या पोरींच्या आया मिरच्या घेऊन येतात त्या निम्म्या चटणीसाठी, निम्म्या उखाण्यासाठी. जावयाचं नाव सांगायचं, धंदा सांगायचा, आणि शिंकत बसायचं.

"काय नाव म्हणालीस?"

"यज्ञेश्वर."

"अगं बया! नाव हाय का माशाचा काटा? घशातच आडकतंय की!"

पण चटणी चाळून होईपर्यंत यज्ञेश्वराचाही उखाणा तयार.

एकावन्न साली घरच्याच पोरीचा उखाणा करायची पाळी आली, आणि आक्काचं मुसळ वरच्या वर थांबलं.

पोर म्हणजे माझी थोरली बहीण कालिंदी. आक्का आमच्या आईची आई; आई गेल्यापासून आम्ही दोघी तिच्याकडेच. कालिंदी अडखळते. सगळीकडे नाही, क, ट, ड, ब यांतलं एखादं अक्षर शब्दाच्या तोंडाशी आलं की तिचा जबडा कुलूप घातल्यासारखा बसतो. बाकी बोलायला लागली की वाहतं पाणी. आता स्वतःचं नाव क-चं, आणि ठरलेला नवरा बाळासो, एसटीचा कंडक्टर! जणू कुणी मुद्दाम अक्षरं वेचून पाठवली होती.

बाळासोला हे ठाऊक होतं. त्याच्याच आजऱ्याच्या गाडीत कालिंदी एकदा "क... क..." करत अडकली होती. मागून एक पावणं ओरडलं, "अवो, कागल म्हणतीया ती, द्या की तिकीट!" बाळासोनं वळून म्हटलं, "तुमचं तिकीट झालंय न्हवं? मग बसा की गप." आणि कागल पुरतं बाहेर येईपर्यंत तो तसाच उभा राहिला. त्यानंतर महिन्याभरात मागणी आली. आपल्या घरातल्या बायकांना मात्र तो काही बोलला नव्हता.

लग्नाच्या आठवड्यात हातकणंगल्याहून त्याच्या आत्याचा, झुंबरबाईंचा, सांगावा आला. "आमचा बाळासो सरकारी गाडीवर हाय. उंबऱ्यावर नाव घेताना शेवटचा शब्द कंडक्टर आला पायजे. न्हाय आला तर दार न्हाय उघडायची."

दार कधीतरी उघडणारच होतं. भीती दाराची नव्हतीच. त्या घरात आधी एक सून आली होती, ती नाव घेताना उंबऱ्यावर खोकली. तिला नातवंडं झाली तरी गाव तिला खोकलीच म्हणतं. उंबऱ्यावर चिकटलेलं नाव सरणापर्यंत सुटत नाही. कालिंदीला काय म्हणतील, हे आम्ही कुणीच मोठ्यानं बोललो नाही.

आक्का उखळापाशी बसली आणि शब्द चघळायला लागली. "कंडक्टर... डॉक्टर. कंडक्टर... ट्रॅक्टर. ह्ये पक्कं जुळतंय. म्हण बघू."

"ड..." कालिंदीची मान ताठ झाली. "ट..."

"सोड. पक्कं आपल्या कामाचं न्हाय. कच्चं बघू." मुसळ दोनदा आपटलं. "मास्तर, अस्तर, सत्तर, उत्तर... अत्तर! अत्तर म्हण."

"अत्तर," कालिंदी म्हणाली. लोण्यातून सुरी जावी तसं.

"शेवटाला 'तर' ऐकू आलं म्हंजे झालं."

"पण शेवटी त्यांचं नाव आहेच ना, आक्का. आणि क... क..."

"तितं खुशाल आडक! नवऱ्याच्या नावापाशी समद्याच पोरी आडकत्यात. बायका म्हणतील, लाजली. त्या नावाच्या आधी मातर आडकू नगंस. म्हणून मी सगळे खडे शेवटाला लोटलेत. म्हण माझ्यामागं."

*ओवाळून घ्या आधी, उडवा अंगावर अत्तर,*
*नाव घेते लाजत, बाळासो कंडक्टर.*

कालिंदीनं तो उखाणा झोपेतही म्हटला असता.

हातकणंगल्याला वरात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. दारात झुंबरबाई. अंगानं काडी, आणि आवाज असा की हलगीवर टिपरू पडावं. दोन्ही हात चौकटीला, मागं बायकांची भिंत. उंबऱ्यावर तांदळाचं माप. बाळासो कालिंदीच्या शेजारी, शेल्याची गाठ बांधलेला. मी करवली म्हणून तिच्या पाठीशी, आणि माझ्यामागं आक्का.

"घ्या नाव, सूनबाई!"

कालिंदीनं श्वास घेतला. "ओवाळून घ्या आधी, उडवा अंगावर अत्तर..."

"थांब!" झुंबरबाईंनी तळहात वर केला. "अत्तर? अत्तर आन् कंडक्टर कुठं जुळतंय गं? मी काय भैरी हाय? ह्ये कच्चं झालं. कोल्हापूरची म्हणवती आन् कच्चं यमक आणती! डॉक्टर घे, न्हायतर ट्रॅक्टर घे. पक्कं पायजे मला."

"व्हय व्हय, ट्रॅक्टर! ट्रॅक्टर!" मागच्या पोरी टाळ्या पिटायला लागल्या.

आक्का पुढं सरकली. "अवं बाई, चालतंय की ते. पेठेत सगळीकडं..."

"विहीणबाई, तुमी गप. नांदायला ती आलीया. तिच्याच तोंडातनं येऊ द्या."

आक्काचा हात माझ्या दंडावर होता. मिरचीनं भाजलेली ती बोटं हाडापर्यंत रुतली. बाळासोनं कालिंदीकडे पाहिलं, आणि त्या दिवशी गाडीत राहिला होता तसाच उभा राहिला. टाळ्या हळूहळू विरल्या. आता नुसतंच वाट बघणं.

कालिंदीची जीभ टाळूला लागलेली मला मागून कळली, कारण तिच्या मानेची शीर फुगली. ती ट-पाशी गेली होती. ट्रॅक्टर त्या टाळूमागं उभा, आणि काही केल्या सुरू होईना.

"मुकी हाय का काय गं?" मागून कुणीतरी म्हणालं. एक पोरगी फिस्सकन हसली.

शीर खाली बसली. कालिंदीनं टाळू सोडली. तिनं मान वर केली आणि थेट झुंबरबाईंच्या डोळ्यांत बघत, एका दमात, मुसळाच्या ठेक्यावर म्हणाली,

*"अत्तर नको, आत्याबाई? ऐका माझं उत्तर,*
*वय सांगा, लाजू नका, साठ हाय न्हायतर सत्तर..."*

बायकांच्या भिंतीला तडा गेला. कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला.

"सत्तर? आगं, मला अजून साठ पुरी न्हाईत!" झुंबरबाईंचे दोन्ही हात चौकटीवरून सुटून कमरेवर गेले.

*"आत घ्या म्हणतात,"* कालिंदी म्हणाली, *"ब... ब... बाळासो... क... क... कंडक्टर."*

"लाजली गं बया, लाजली!" सोप्यातल्या सगळ्या बायका एकदम बोलल्या. हात चौकटीवर नव्हतेच. कालिंदीनं माप लवंडलं आणि ती आत गेली.

आक्कानं माझा दंड सोडला. बोटांचे लाल वळ उमटले होते, आणि आग होत होती.

जेवणं अंगणात. पहिला घास भरवायच्या वेळी त्या फिस्सकन हसणाऱ्या पोरीनं पुन्हा उचल खाल्ली. "वैनी, ट्रॅक्टर ऱ्हायला की! आता ट्रॅक्टरचं होऊ द्या!"

कालिंदीचा घास हातातच राहिला.

झुंबरबाई वाढत होत्या. त्यांनी कालिंदीच्या मानेकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि आमटीची पळी पोरीच्या ताटात अशी उपडी केली की भातच बुडाला. "ट्रॅक्टर शेतात हाय. तू खा. जेवू दे तिला."

मग भांडं खाली ठेवून त्या आक्काच्या शेजारी येऊन बसल्या. हलगीचा आवाज एवढा खाली उतरू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

"कुठल्या कुठल्या अक्षराला?"

आक्काचा चेहरा उतरला. ताटातल्या भाताकडे बघत ती म्हणाली, "क. ट. ड. ब."

झुंबरबाई थोडा वेळ ओठ हलवत बसल्या. एकेक शब्द तोंडात घोळवून बघत असाव्यात.

"म्हंजे 'आत्या' म्हणायला काय आडचण न्हाय," त्या म्हणाल्या.

"न्हाय."

"मग सकाळी चुलीपाशी आली की हाक मारायला सांगा तिला. मी जागीच असती."