परत दिलेला तुकडा

माणूस तापट असला की त्याच्या चुकाही झटपट होतात. माझी सगळ्यांत मोठी चूक मागावरचा धोटा इकडून तिकडं जायला लागतो तेवढ्या वेळात झाली.

आमचं घर सोलापुरात, विणकरांच्या गल्लीत. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. पुढच्या खोलीत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मी बसलेला, आणि पडद्याआड आतल्या खोलीत बायको रहाटावर सुताच्या कांड्या भरत असायची. सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची चार-पाच वर्षं म्हणतोय मी. तेव्हा रोज दुपारी गल्लीत सुंदरी वाजवणारे मामा यायचे. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण, जेमतेम वीतभर. सकाळी देवळातली सेवा झाली की मामा ती फडक्यात गुंडाळून आमच्याकडं यायचे, आणि गल्ली त्यांना भाकरी-चटणी कमी पडू द्यायची नाही.

मामांची एक रीत होती. रोज ऐकणाऱ्या माणसाला ते चार-पाच सुरांचा एक तुकडा देऊन टाकत. काहीही वाजवत असोत, तुमचं दार आलं की त्यात तुमचा तुकडा गुंफायचे आणि पुढं जायचे. झाला रामराम. माझा तुकडा चढत चढत जाऊन एकदम खाली पडायचा. "तुमचा राग असाच हाय की," म्हणाले. गल्ली हसली, मीही हसलो. खरंच होतं, काय करता.

रीतीला एक नियमही होता. नको झाला तर तुकडा परत द्यायचा, आणि परत आलेला मामा पुन्हा वाजवत नसत. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं एकदा भांडणात परत दिला. त्यानंतर त्याच्या दारावरून ते कायम मुकाट्यानं गेले.

मामांचं बघून आमच्यातल्या बऱ्याच जणांचे हात बदलले. दुकानांच्या पाट्या रंगवणारा आमचा शेजारी आधी तासभर त्या दुकानात नुसता बसून राहायला लागला, मग ब्रश उचलायचा. मीही लुगडं विणायला घेण्याआधी विचारू लागलो, नेसणार कोण, कुठली, हसरी आहे की अबोल. मग तिच्यापुरती वेगळी वेल काठात घालायचो. तोवर मी नुसता माल विणत आलो होतो.

एके दिवशी माझा तुकडा झाल्यावर मामा दारातच थांबले आणि आणखी एक वाजवला. हळू होता, शेवट अर्ध्यावर सोडलेला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"आतल्या ताईंचा."

"तिला तुम्ही पाहिलंय तरी का कधी?"

"बघायला कशाला पायजे? मी आलो की आतला रहाट थांबतो. रोज थांबतो."

खरंच, तेव्हाही तो थांबलेलाच होता. त्या संध्याकाळी ती भाकरी थापताना तेच गुणगुणत होती. मी चिडवलं तर माझ्याकडं पाठ करून बसली, पण गुणगुणणं काही सोडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. मुलगी चार वर्षांची होती.

तेरा दिवस मामा आले नाहीत. चौदाव्या दिवशी आले आणि आधी माझा, मग तिचा तुकडा वाजवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग ते रोजचंच झालं. तो सूर आला की वाटायचं, आत रहाट चालू होता आणि आत्ता या क्षणी थांबला. मी माग थांबवून कान द्यायचो. रिकाम्या खोलीत कुणीतरी ऐकत बसलंय, हे माझ्या पाठीला कळायचं. कापडात चुका पडायला लागल्या. सगळ्यांत वाईट पोरीचं. तुकडा वाजला की ती हातातलं टाकून पडद्याकडं पळायची. "अम्मा वच्चिंदी." आई आली. पडदा सारायची, आत बघायची, मग माझ्याकडं बघायची.

एका दुपारी तिनं तसं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. खड्ड्यातून उठून दारात गेलो. म्हटलं, "मामा, तिचा तुकडा परत घ्या."

"इचार करा."

"घ्या म्हणतो ना."

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून माझा एकट्याचाच वाजला. पोरगी आठवडाभर दारात उभी राहायची, मग तिनंही सोडलं. घर इतकं गप्प झालं की वाटलं, आता ती खरी गेली, आणि तिला मीच घालवलं.

दहा वर्षांनी पोरीचं लग्न ठरलं. लग्नाचं लुगडं मीच विणणार होतो. काठात काय घालू, म्हणून तिला विचारलं.

"नायना, मला आईचं तोंड आठवत नाही," ती म्हणाली. बापाला आमच्यात नायना म्हणतात. "पण दारात काहीतरी वाजायचं, आणि वाजलं की आई घरात आहे असं वाटायचं. ते घालता येईल का?"

तसाच उठलो आणि मामांकडं गेलो. देवळामागच्या खोलीत ते अंथरुणाला खिळले होते. तोंडाचं बोळकं झालेलं, सुंदरी खुंटीला. पाया पडलो. म्हटलं, "चुकलो मामा, पोरीसाठी तिचा तुकडा परत द्या."

"वाजवायला आता दात कुटं हाईत? तुमी गुणगुणा, चुकंल तितं मी सांगतो."

मी तोंड उघडलं. आला तो माझाच तुकडा, चढत चढत जाऊन पडणारा. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तोच. एके काळी रोज दारात ऐकलेले चार सूर, आणि एक सापडेना.

"तुम्हीच म्हणा, मामा."

त्यांनी डोळे मिटले.

"परत आलेला मी ठिवत न्हाय, बाबा. गेला तो."

लुगडं विणलं मी. काठ तीनदा उकलला. हळू जाणारी आणि अर्ध्यावर सुटणारी वेल घातली. तेवढीच आठवण माझ्याजवळ होती. गल्ली बघायला आली. पाटीवाल्यानं काठ बघून हात जोडले. पोरीनं वेलीवरून बोट फिरवत नेलं, ती सुटते तिथं थांबली आणि मला विचारलं, "हेच होतं ना, नायना?"

"हेच," मी म्हणालो.

ती वळून आतल्या खोलीच्या पडद्याकडं बघत राहिली. मला मात्र तिकडं बघवलं नाही.