बापाचं काम

आमच्या गावात माणसाला हाक मारायची ती त्याच्यात काय कमी आहे ते बघून. एक भैरा होता, एका डोळ्याची एक कानी होती, आणि मी लंगड्या. मी लहान असताना पोलिओनं माझा डावा पाय वाळला, तेव्हापासूनचं हे नाव. शाळेत घातलेलं नाव कुणी हाकेला वापरल्याचं मला आठवत नाही. त्या जुन्या हाकांत आपुलकी होती असं आजकाल काही लोक सांगतात. साफ खोटं आहे. मला विचारा.

कोण कुणाला काय शब्दानं बोलतं, याचं वडलांना फार होतं. आमच्या वस्तीनं धर्म बदलला त्याला एक पिढी उलटून गेली, तरी गाव वस्तीला जुन्याच नावानं ओळखायचं. ते म्हणत, "आधी बोलणं बदललं पायजे. बोलणं बदललं का वागणं बदलते." मी त्यावर विश्वास ठेवून मोठा झालो.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरायची. रात्री बाहेरची कंपनी तिकीट लावून नाटक करायची आणि गावच्या मंडळाचं नाटक दुपारीच, फुकट. मंडळ चालवत ते आमचे टेलर. सगळे त्यांना मास्टर म्हणत. नाटक कोणतंही बसवा, मास्टर त्यात एक लंगडा नोकर घालायचेच, आणि तो मी. मी यायचो, पाटाला अडखळून पडायचो, लोक पोट धरून हसायचे. पडण्यात मी पटाईत होतो. पण मला हवं होतं बापाचं काम. आमच्या प्रत्येक नाटकात एक बाप असतो, त्याचं घर फुटतं, आणि तो खाटेवर बसून लांबलचक बोलतो. मला एकदा तरी त्या लोकांसमोर न पडता बोलायचं होतं. यापलीकडे माझं काही मागणं नव्हतं.

"मास्टर, औंदा बापाचं मले द्या ना," मी दरवर्षी म्हणायचो.

"तू आला का लोक आधीच हासाले लागतेत. मग बापाचं वजन राह्यते का?"

ते खोटं बोलत नव्हते.

मग एका वर्षी पोंभुर्ण्याला कुठल्याशा संस्थेचं शिबिर झालं. मास्टर गेले होते. तिथं सांगण्यात आलं की लंगडा, भैरा असं म्हणू नये, नाटकात दाखवून हसू नये, 'विशेष व्यक्ती' म्हणावं. मास्टर मऊ मनाचा माणूस. ते भारावूनच परत आले आणि सरळ आमच्या घरी आले. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी पहिल्यांदाच चहा घेतला. वडलांना म्हणाले, "आजपासून ह्या पोराले कोणी लंगड्या म्हणन, तर त्याची माह्याशी गाठ हाय." वडलांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत कशाला. नोकराचं काम त्यांनी नाटकातून काढूनच टाकलं. मला वाटलं, हसायचं कारणच गेलं, आता बाप आपलाच.

तालमीच्या पहिल्या दिवशी बापाचं काम मास्टरांच्या पुतण्याला मिळालं.

"आन् मी?" मी विचारलं.

"तू आता विशेष हायेस बापू. तुले स्टेजवर नाचवलं तर लोक म्हणतीन, मंडळानं तमाशा केला."

"मी पडत नाई मास्टर. खाटेवर बसूनच बोलतो."

"समजून घे ना. तुह्यासाठीच करून राह्यलो मी हे."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, तीच तर पंचाईत. शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. मानाशी कसं भांडायचं हे वडलांनी मला शिकवलं नव्हतं, त्यांनाही ते ठाऊक नसावं. इकडे गल्लीतल्या पोरांनी तो शब्द उचलला. "ए इशेस, सरक ना तिकडं," असं ओरडत ती माझ्या अंगावरून पळायची. सूर तोच, लंगड्याचाच.

नाटकात दुसऱ्या अंकाला बापाच्या पायावर झाड पडायचं. पुढं त्यानं लंगडत यायचं होतं. पुतण्या स्वभावानं चांगला. एका सकाळी तो आमच्या अंगणात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "दादा, जरा चालून दाखवतोस का? मास्टरनं तुले विचारू नको म्हणलं. पण मले जमूनच नाई राह्यलं."

मी चाललो. गुडघ्यावर हात कधी दाबायचा, खांदा किती पडतो, सगळं दाखवलं. तो माझ्यामागं अंगणभर फिरला. चुकला तिथं मी त्याला सुधारलं. नाटक चांगलं व्हावं असं मला तेव्हाही वाटत होतं. माणसाचं मन कुत्र्यासारखं असतं, हाकललं तरी त्याच दारात जातं.

मंडईच्या दिवशी उद्घाटनाला मला स्टेजवर पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची दिली. माइकवरून 'आपल्या गावचे विशेष बंधू' असं पुकारलं. शाल आणि नारळ मिळाला, टाळ्या पडल्या. मग दोघांनी मला खुर्चीसकट उचलून खाली आणलं. इतकी वर्षं तोच बांबूचा जिना मी माझा मी चढत-उतरत होतो. खुर्ची त्यांनी आईजवळ ठेवली. ती बायकांत खाली पोत्यावर बसली होती.

दुसऱ्या अंकानंतर पुतण्या खाटेवरून उठला आणि गुडघ्यावर हात दाबत पुढं आला. अगदी माझ्यासारखा. कुणी हसलं नाही. मंडपात चिडीचूप झालं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझी आई तर हुंदके देत होती. शेजारणीच्या खांद्याला धरून ती म्हणाली, "कसा चालते माय तो. पाहवत नाई."

मी तिच्या हाताच्या अंतरावर बसलो होतो. नाटक संपेपर्यंत तिनं माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.