श्रावणभाऊच्या बांधीतलं डोरलं

धान रोवण्याच्या टोळीत जिंदगी काढली की कंबर जाते आणि गोष्टी उरतात. धानाच्या बांधीत चिखलात हात घातला की काय काय लागतं: खेकडा, फुटकी काच, कुणाच्या पोराची चप्पल. प्रत्येक वस्तूची एक गोष्ट. पण यंदा कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात जे हाताला लागलं, त्या एकट्याच्याच इतक्या गोष्टी झाल्या की बाया अजून सांगत बसतात.

*

श्रावणभाऊच्या खालच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोवत होतो. माझ्या बोटात काहीतरी अडकलं. बाटलीचं झाकण असेल म्हणून पाण्यात हलवलं, तर डोरलं! मंगळसूत्रातलं, दोन वाट्यांचं. दोरा कुजून गेलेला, मणी एकही नाही, पण वाट्या अशा चमकत होत्या की जशा कालच कुणी गळ्यातून काढल्या.

सगळ्या बाया लताकडे पाहू लागल्या. लता आमच्याच टोळीतली. नवी नवरी असताना याच बांधीत तिचं डोरलं पडलं होतं. सासू तानाबाईनं ते मानलंच नाही. स्वतःच्या गळ्यातलं सोनं मी सुनेला घातलं आणि ती माहेरी देऊन आली, असं गावभर सांगत फिरली. तेव्हापासून लताच्या गळ्यात नुसते काळे मणी. लग्नघरी दागिन्यांच्या खोलीत ती गेली की कुणीतरी मागून जातंच. मी पाहिलं आहे.

लतानं डोरल्याला हातही लावला नाही. एवढंच म्हणाली, "पयले सोनं हाय का पाहा. पितळ निघालं तं बुढी म्हणन, माह्यं तं सोन्याचं होतं."

खरंच होतं. तिचं सगळं नाव त्या दोन वाट्यांत अडकलं होतं.

*

तेवढ्यात श्रावणभाऊ बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून धावत आला. म्हणे जमीन माझी, तिच्या पोटात जे निघेल ते माझं.

मी पाय वर करून दाखवला. "मंग ह्या जळवा बी घेऊन जा भाऊ. तुह्याच जमिनीच्या हायेत."

भाऊ धुऱ्यावरच बसला. पुन्हा मालकीचं बोलला नाही.

*

इंदिराबाई टोळीत सगळ्यात म्हातारी. ती म्हणाली, सोनं दाताखाली दबते, आणा इकडे. तिच्या तोंडात दात उरले दोन, दोन्ही वरचे. दाबणार कशावर? तरी डोरलं तोंडात धरून, डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिली. आम्ही पऱ्ह्यांच्या पेंड्या हातात घेऊन तशाच उभ्या.

शेवटी निकाल दिला, "गोड लागते."

*

मग पिंकी पुढे आली. कॉलेजात जाते, सुट्टीत रोवण्याला येते. तिनं फोटो काढला आणि रेंजसाठी टेकाडावर चढली. फोनमध्ये आता सगळं समजते म्हणे. खाली आली ती तोंड पाडून. फोन सांगत होता, ही बैलाच्या गळ्यातली घंटी आहे.

पारबताबाईनं डोरलं नखावर ठेवून पाहिलं आणि विचारलं, "एवढासा बैल कोणाच्या घरी हाय वो?"

लताही हसली. पण हसताना तिची नजर डोरल्यावरच होती.

*

दुसऱ्या दिवशी रोवणा बंद ठेवून आम्ही सगळ्या कुरखेड्याला गेलो. सोनारानं आमचे पाय पाहिले आणि म्हणाला, एक जण आत या, बाकीच्यांनी बाहेर थांबा.

मी म्हटलं, "एक नाई, सगळ्या पाहू. उद्या बुढीनं इचारलं तं सगळ्यायचे डोळे पायजेत."

बिचारा कसोटीचा दगड घेऊन पायरीवर आला. डोरलं घासलं. काळ्या दगडावर पिवळी रेघ उमटली. मग तेजाबाची बाटली उघडली. पितळ असेल तर थेंब पडताच रेघ उडून जाईल, म्हणाला. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होता, तोही मला ऐकू आला नाही.

थेंब पडला. रेघ तिथंच!

"जुनं सोनं आहे. एवढं चोख आता कोणी घालत नाही," सोनार म्हणाला. त्यानं भावही सांगितला. आमच्यातल्या एकीलाही तो आठवत नाही. इतक्या पावसाळ्यांचा चिखल, नांगर, बैलांचे खूर, आणि त्या सोन्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

सोनारानं दगड पुसायला फडकं उचललं, तर लता म्हणाली, "भाऊ, थांबा जरा. इतक्यात पुसू नोका."

*

तिथून सगळ्या थेट तानाबाईच्या ओसरीवर. म्हातारी तांदूळ निवडत होती. लतानं डोरलं तिच्या हातावर ठेवलं आणि खालच्या बांधीत सापडल्याचं सांगितलं. म्हातारीनं ते डोळ्याजवळ नेलं, दोन्ही वाट्या उलटून पाहिल्या, अंगठ्यानं चोळल्या. मग खाली ठेवलं.

"हे माह्यं नोहे."

माझ्या तोंडात शिवी आली होती. लतानं माझं मनगट धरलं.

"नोहे ना आई?"

"नाई."

"बरं. सगळ्यायनं आयकलं. मंग हे माह्यं." आणि तिच्यासमोरच लतानं गळ्यातली पोत काढली, डोरलं ओवलं आणि घातली.

*

तिसऱ्या दिवशी उजाडताच बांधीवर आलो. अर्धी बांधी रोवायची राहिली होती. त्या उरलेल्या चिखलात तानाबाई उतरलेली! किती वर्षांत तिनं पायाला चिखल लागू दिला नव्हता. लुगडं खोचून, वाकून, दोन्ही हातांनी तळ चाचपत होती.

मी धुऱ्यावरून विचारलं, "काय पाहून राह्यली वो बाई?"

तिनं मान वर केली नाही.

"माह्यं डोरलं. इथीच पडलं. लतानं सांगतलं होतं मले."

लतानं हातातली पेंडी धुऱ्यावर ठेवली, बांधीत उतरली आणि सासूच्या बाजूला वाकून चिखल चाचपू लागली.