हौदातला शिंगाडा

ओल्या शिंगाड्यांचा वास आला की जऊळक्याचं आमचं अंगण डोळ्यांपुढे येतं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तळ्याकाठच्या गावातून आलेली नवी वहिनी घरात कुणाशी फारसं बोलायची नाही. आषाढात आखाडीच्या सणाला माहेरी गेली, ती ओल्या फडक्यात शिंगाड्याचा वेल घेऊन आली आणि तिनं तो बैलांच्या हौदात सोडला. हळूहळू पाण्यावर हिरवी पानं पसरली, पांढरी फुलं उमलली. वहिनी काठावर बसून गुणगुणायची. एकदा आई म्हणाली, "बैलं पाणी कुठं पितीन? काढून टाक." वहिनीनं वेल उपटायला पाण्यात हात घातला. तेवढ्यात बाबा आईला म्हणाले, "राहू दे. पोरीले आता करमून राह्यलं." त्या संध्याकाळपासून ते स्वतः बैलांना नाल्यावर नेऊ लागले. वहिनी आमची झाली ती त्या दिवशी, असं मला आता वाटतं.