सिस्टरांचा विषय

रुग्णहक्कांची पत्रकं वाटायला सरकारी दवाखान्यात गेलो की बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टर मला चहा करून द्यायच्या. टोपीची पिन दातात धरून बोलायच्या, दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनासुद्धा 'राजा' म्हणायच्या.

दवाखान्यातल्या संशोधनाचे विषय ठरवायच्या बैठकीत मीही मागे बसलो होतो. डॉक्टरांनी मधुमेह, रक्तदाब असे विषय सांगितले. मग सिस्टर उठल्या.

"कळा देणाऱ्या बाईला आपण थोबाडीत का मारतो, ते मला शोधायचंय."

"कोण मारतं, सिस्टर?" साहेब हसले.

"मी. सकाळीच मारली. पेठकडच्या पाड्यावरची पोर, ओरडलीसुद्धा नाही."

मी हादरलो. मी प्यायचो तो चहा त्याच हातचा होता.

"विषय बदला. नोकरी जाईल," साहेब म्हणाले.

सिस्टरांनी पिन टोपीला खोचली. "लिहा, राजा. तक्रार कर म्हणून तिला माझं नाव सांगून आलेय."