मागच्या रांगेतून दिसलेली जखम

"किती दिवसांपासून आहे हे?" डॉक्टरांनी माझा उजवा पाय उचलून विचारलं. मी म्हणालो, कालच्या जुम्म्याच्या नमाजपासून. ते तळवा बघत राहिले. "ही जखम दोन महिन्यांची तरी आहे. तुम्हाला काल कळली, एवढंच."

"पण डॉक्टर, दुखत तर न्हाई," मी म्हणालो.

मी धारूरचा मेकॅनिक. मोटारसायकली दुरुस्त करतो. गाडी आवाज करत नाही तोवर तिला हात लावायचा नाही, ही आमची रीत, आणि शरीरालाही मी तोच कायदा लावला होता. शुगर बारा वर्षांची. गोळी आठवली तर घ्यायचो.

खरं सांगायचं तर जुम्म्यालाही मला स्वतःहून काही कळलं नव्हतं. नमाजमध्ये बसलं की उजवा तळवा मागच्या माणसासमोर येतो. माझ्या मागे युसूफचाचा होते, फळांचा गाडा लावणारे. नमाज संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुझ्या अंगठ्याखाली भोक पडलंय, सतरंजीवर डागही पडलाय. मी लाजेनं अर्धा झालो. नमाजआधी वजू करताना रोज पाच वेळा पाय धुणारा माणूस मी! पण तळवा उलटा करून कधी बघितलाच नव्हता.

घरी आल्यावर बायकोनं, शमीमनं, माझा बूट झटकला. आतून एक छोटा नट पडला. तो घालून मी किती दिवस फिरलो, अल्ला जाणे. शमीम रडली. दुसऱ्या दिवशी आम्ही अंबाजोगाईचा दवाखाना गाठला.

तिथं आणखी एक चूक कबूल करावी लागली. गाड्यांना किक मारून मारून त्या जागी घट्टा आला होता. तो मी ब्लेडनं तासला आणि वर पेट्रोल ओतलं. आमच्या धंद्यात काहीही लागलं की पेट्रोल हाच दवाखाना.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवत गेले. टेकला की 'हो' म्हणायचं. मी वाट बघत बसलो. डोळे उघडले तेव्हा कळलं, दहा ठिकाणी टेकवून झालं होतं. याला न्यूरोपॅथी म्हणतात, म्हणजे शुगरमुळे पायाच्या नसा मेलेल्या असतात. सतत दाब पडून कातडी आतून कुजते आणि माणसाला पत्ता लागत नाही.

मग एक्स-रे. हाडापर्यंत पू गेला असेल तर अंगठा जाईल, कदाचित पायाचा पुढचा भागही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बाकड्यावर बसून मी उजव्या पायाकडे बघत होतो. किक त्याच पायानं मारतो, पोट त्याच्यावरच चालतं. भीती वाटली, लई वाटली.

हाड वाचलं होतं.

मेलेली कातडी काढली, त्याला डेब्रिडमेंट म्हणतात. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर केजकडच्या, तोंडानं फटकळ. "भाऊ, दुखत न्हाई म्हणून खूश होऊ नका," त्या म्हणाल्या. "राखणीचं कुत्रंच मेलंय तुमचं. आता तुमीच जागं राहायचं."

औषधापेक्षा अवघड होतं ते ऑफलोडिंग, म्हणजे जखमेवर भार न देणं. कुबडी घ्यायची, खास चप्पल घालायची. दुकानात मी स्टुलावर बसून सांगायचो आणि किक गिऱ्हाइकानं मारायची. नमाज खुर्चीवर. जखम भरायला साडेतीन महिने लागले. मधे एकदा कंटाळून चार दिवस कुबडी सोडली, तर भरत आलेली जखम पुन्हा उघडली. सिस्टरांनी तेव्हा जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता एका भंगार गाडीचा आरसा मी मोरीजवळ जमिनीवर ठेवलाय. रोज सकाळी त्यात दोन्ही तळवे बघतो, बूट घालण्याआधी झटकतो. शुगर असेल तर तुम्हीही बघा. दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बरा झाल्यावर पहिल्या जुम्म्याला मी मुद्दाम युसूफचाचांच्या मागच्या रांगेत बसलो. नमाजमध्ये इकडंतिकडं बघू नये, पण मी बघितलं. शुगर त्यांनाही आहे. उजव्या टाचेला खोल भेग होती आणि तिची कड काळी पडली होती.

बाहेर आल्यावर टाच दाखवून त्यांना दवाखान्यासाठी माझ्या गाडीवर बसायला सांगितलं. ते हसले. "पण दुखत तर न्हाई बे."

"म्हणूनच चला," मी म्हणालो आणि डाव्या पायानं किक मारली.