प्रश्नावलीत नसलेला रकाना

माझे पती वेल्ह्याच्या वर, धनगरवाड्यावरच्या शाळेत शिक्षक होते. तिथं रेंज नव्हती. म्हणून ते गोष्टी आणि पाढ्यांचे खेळ घरी स्वतःच्या आवाजात मोबाईलवर भरत आणि आठवड्याच्या बाजाराला आलेल्या पालकांच्या मोबाईलमध्ये घालून देत. मेंढरांमागे गेलेली मुलं-मुली ते रानात ऐकत. एक बाप त्यांना म्हणायचा, "सर, तुमी रानात बी सुट्टी देत न्हाई व्हय?"

शिक्षक समाजमाध्यमं आणि डिजिटल खेळ किती वापरतात, यावर संशोधन करणाऱ्या एक बाई शाळेत आल्या. त्यांच्या प्रश्नावलीत प्रश्न होता : शाळेत रोज किती तास ऑनलाइन असता? आमच्या यांनी खरं तेच लिहिलं, शून्य.

हे वारले, त्याला चार महिने झाले. परवा त्या संशोधनाच्या अहवालाची प्रत घरी आली. त्यात यांची शाळा 'तंत्रज्ञानाबाबत उदासीन' या यादीत होती. मी बाईंना फोन लावला आणि यांनी भरून दिलेल्या गोष्टींचं सगळं सांगितलं.

"ताई, प्रश्नावलीत तसा रकानाच नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि सर तर आता नाहीत. कशाला मनाला लावून घेता?"

"नाहीत म्हणूनच. ते असते तर हसून सोडून दिलं असतं. तुम्ही बाजारच्या दिवशी वेल्ह्याला या, चार धनगरांचे मोबाईल कानाला लावा, मग उदासीन कोण ते लिहा."

"अहवाल छापून झालाय."

"मग दुरुस्तीचं पान छापा," मी म्हटलं, आणि त्या हो म्हणेपर्यंत फोन ठेवला नाही.